तुमचा खरा कॅनव्हास १२८ बाय १२८ चा आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे: एसप्राइट या पिक्सेल चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये २५६ बाय २४० चा कॅनव्हास घेतला, एनईएस या निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलची म्हणून मिळालेली पॅलेट, म्हणजे रंगांचा संच, लावली, ब्रश एका पिक्सेलचा ठेवला, अँटी-अलायझिंग, म्हणजे कडा मऊ करणं, बंद केलं. चित्र नीटनेटकं झालं, पण ते जुन्या कन्सोलवरचं वाटत नाही, आजच्या एखाद्या इंडी गेममधलं वाटतं. काय राहून गेलं?

पिक्सेल बरोबर आहेत, रंगही बहुतेक बरोबर असतील. राहून गेलंय ते मेमरीचं बजेट. त्या काळातल्या कलाकाराला अख्खा पडदा रंगवायला मिळतच नव्हता. त्याला तुकड्यांचा एक संच मिळायचा आणि त्यातूनच सगळा पडदा जुळवावा लागायचा. जुन्या गेमचा जो 'लूक' आपल्याला ओळखू येतो, तो या जुळवाजुळवीतून आलेला आहे. म्हणून आधी बजेट ठरवा, मग पेन हातात घ्या.

त्याच्याही आधी यंत्र ठरवा. 'रेट्रो' नावाचं कन्सोल कधीच नव्हतं. १९८३ चा फॅमिकॉम, म्हणजे पुढे एनईएस म्हणून जगभर गेलेलं यंत्र, १९८८ चा मेगा ड्राइव्ह, १९८९ चा गेम बॉय आणि १९९० चा सुपर फॅमिकॉम म्हणजेच एसएनईएस या चौघांची हाडं वेगवेगळी आहेत. एकाच चित्रात चौघांची वैशिष्ट्यं मिसळली की डोळ्याला खटकतं, पण काय खटकतंय ते सांगता येत नाही. तुमचा प्रश्न एनईएसबद्दल आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

एनईएसवर सगळं ८ बाय ८ पिक्सेलच्या टाइल्सचं बनतं. प्रत्येक पिक्सेलला दोन बिट, म्हणजे एका टाइलला १६ बाइट. एका वेळी अशा टाइल्सचे दोन तक्ते हाताशी असतात, प्रत्येकी २५६ टाइल्सचे. साधारणपणे एक पार्श्वभूमीला आणि एक स्प्राइट्सना, म्हणजे पात्रं, शत्रू अशा हलणाऱ्या सुट्या चित्रांना. पडद्यावर मात्र ३२ गुणिले ३०, म्हणजे ९६० घरं भरायची असतात. २५६ तुकडे, ९६० घरं. तो २५६ टाइल्सचा तक्ता एकाशेजारी एक मांडला तर १२८ बाय १२८ चा चौकोन होतो. तुमचा कॅनव्हास तो आहे. त्यातही ए ते झेड आणि शून्य ते नऊ एवढ्यातच ३६ टाइल्स जातात. उरलेल्यात जमीन, भिंती, ढग, झाडं, पाणी, स्कोअरची पट्टी आणि जमलं तर शीर्षकाचा पडदा.

हे समजलं की पुनरावृत्तीकडे बघण्याची नजर बदलते. 'सुपर मारिओ ब्रदर्स' या १९८५ च्या गेममधले ढग आणि झुडपं एकाच टाइल्सची आहेत, फक्त पॅलेट वेगळी. आख्खा गेम ४० किलोबाइटचा, त्यातली ८ किलोबाइट चित्रांची. तिथे झुडपासाठी वेगळ्या टाइल्स खर्च करणं परवडणारं नव्हतं. तुमच्या चित्रात प्रत्येक ढगाची कड निराळी, प्रत्येक विटेला निराळी भेग. देखणं आहे, पण एनईएसच्या हिशेबात हे तीन गेमचं सामान झालं.

आणखी एक बारकावा, जो नव्या लोकांच्या कामात हमखास निसटतो: एनईएसवर स्प्राइट आडवा-उभा उलटा करता येतो, पार्श्वभूमीची टाइल उलटी करता येत नाही. डावीकडे उतरणारा डोंगर आणि उजवीकडे उतरणारा डोंगर यांना वेगवेगळ्या टाइल्स लागतात. म्हणून बऱ्याच जुन्या गेममध्ये उतार कमी आणि चौकोनी पायऱ्या जास्त. याउलट मोठे शत्रू अनेकदा समोरून पाहिल्यासारखे आणि दोन्ही बाजूंनी सारखे असतात, कारण अर्धा राक्षस काढला की उरलेला अर्धा फुकटात मिळतो.

आता रंग. खरी गंमत आणि खरी डोकेदुखी इथेच आहे. पार्श्वभूमीला चार पॅलेट, प्रत्येकीत तीन रंग, आणि चौघींना मिळून एक सामाईक रंग. स्प्राइट्सना आणखी चार पॅलेट, तीन-तीन रंगांच्या. चौथी जागा पारदर्शक. एकूण पडद्यावर २५ रंग. एवढं बहुतेकांना माहीत असतं आणि '२५ रंग वापरले, झालं' असं म्हणून ते पुढे जातात. पण कोणती पॅलेट कुठे लागणार हे प्रत्येक टाइलला वेगळं सांगता येत नाही. ते सांगायला अख्ख्या पडद्यासाठी फक्त ६४ बाइट आहेत, त्यामुळे १६ बाय १६ पिक्सेलच्या एका चौकटीला, म्हणजे चार टाइल्सना मिळून, एकच पॅलेट. आणि ही चौकट आपल्या सोयीने सरकवता येत नाही.

एक झाड काढून बघू. पार्श्वभूमी काळी. हिरवी पॅलेट: गडद हिरवा, मधला हिरवा, पोपटी. मातीची पॅलेट: गडद तपकिरी, तपकिरी, फिकट नारिंगी. झाडाचा डेरा ३२ बाय ३२ चा, बरोबर चार चौकटी. खाली खोड, १६ रुंद. खोड डेऱ्याच्या मधोमध ठेवलंत की ते आठ पिक्सेल सरकतं आणि दोन चौकटींत विभागतं. झालं, आता खोडाच्या दोन्ही बाजूंचं गवतही मातीच्या पॅलेटमध्ये अडकलं. ते एक तर वाळकं दिसणार किंवा काढून टाकावं लागणार. तसंच डेऱ्याची पानं पाच पिक्सेल खाली, खोडावर लोंबायला हवी असतील, तर त्या पाच ओळी खोडाच्या चौकटीत येतात. तिथे हिरवा रंगच नाही.

यावर तीन तोडगे आहेत. मातीच्या पॅलेटमधला एक रंग काढून तिथे गडद हिरवा घालायचा. मग पानं लोंबतील, पण सगळ्या पडद्यावरची माती दोन रंगांत भागवावी लागेल. किंवा खोड मधोमध न ठेवता दोन्ही चौकटी भरेल इतकं, ३२ रुंद, जाडजूड काढायचं. तिसरा तोडगा मला सगळ्यात आवडतो: डेऱ्याच्या तळाच्या दोन-तीन ओळी आणि खोडाच्या माथ्याच्या दोन-तीन ओळी सरळ काळ्या करायच्या. काळा सामाईक आहे, दोन्हीकडे चालतो. पाहणाऱ्याला ती डेऱ्याची सावली वाटते आणि सांधा गायब होतो. काळ्या पार्श्वभूमीवर वस्तू सुट्या सुट्या तरंगल्यासारख्या असलेले इतके जुने गेम दिसतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. काळ्यात कडा विरघळवता येतात.

आकाश निळं हवं असेल तर सामाईक रंग निळा होतो आणि काळी बाह्यरेषा प्रत्येक पॅलेटमधून विकत घ्यावी लागते. 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या पहिल्याच पातळीत नेमकं हेच केलंय. पार्श्वभूमीच्या चारही पॅलेटमध्ये एक जागा काळ्याची आहे. म्हणजे झुडपाला खरे दोनच हिरवे, ढगाला पांढरा आणि फिकट निळा, जमिनीला दोन मातकट. इतक्यावर तो सगळा मोकळा, उजळ देखावा उभा आहे. प्रश्नचिन्हाचा ठोकळा चमकतो तोसुद्धा टाइल न बदलता. त्या पॅलेटमधला एक रंग काही फ्रेमनंतर बदलत राहतो, बस्स. तुमच्या चित्रातला धबधबा असाच हलवून बघा.

रंगांची मूळ यादी ६४ नोंदींची आहे, पण त्यात बरेच काळे पुन्हापुन्हा येतात. वेगळे म्हणावेत असे रंग साधारण ५४. प्रत्येक छटेला उजेडाच्या चारच पायऱ्या, त्याही बऱ्यापैकी लांब लांब. म्हणून छायांकन करताना त्याच छटेच्या पायऱ्या उतरण्यापेक्षा शेजारच्या छटेत सरकावं लागतं: नारिंगीची सावली लालसर तपकिरीत, फिकट निळ्याची जांभळटात. आणि ज्या पॅलेट फाइलवर तुमचा इतका विश्वास आहे, तिच्याबद्दल: एनईएसची चिप लाल-हिरवा-निळा असे आकडे देतच नाही, ती थेट टीव्हीचा कॉम्पोझिट सिग्नल, म्हणजे रंग आणि उजेड एकत्र मिसळलेला एकच सिग्नल, तयार करते. त्यामुळे संगणकावरची प्रत्येक 'एनईएस पॅलेट' हा कुणीतरी लावलेला अर्थ आहे. एकीत आकाश जांभळट दिसेल, दुसरीत स्वच्छ निळं. दोन-तीन वेगळ्या पॅलेट लावून तुमचं चित्र तगतं का ते बघा. एकीतच सुंदर दिसत असेल तर काँट्रास्ट कमी पडतोय. यादीतला शून्य-डी क्रमांकाचा काळा मात्र वापरू नका. तो सिग्नलच्या काळ्या पातळीच्याही खाली जातो आणि काही टीव्हींचा गोंधळ उडवतो. काळ्यासाठी शून्य-एफ.

स्प्राइट्सकडे येऊ. एकूण ६४, पण एका आडव्या ओळीत फक्त आठ. प्रत्येक ८ रुंद. म्हणजे १६ रुंदीची चार पात्रं एका रांगेत उभी राहिली की ओळ भरली. पाचवं आलं की कुणाचा तरी तुकडा दिसेनासा होणार. प्रोग्रामर मग दर फ्रेमला स्प्राइट्सचा क्रम फिरवतात, म्हणून कायमचं गायब होण्याऐवजी ते लुकलुकतात. कलाकाराने यातून घ्यायचं ते इतकंच: उंची स्वस्त, रुंदी महाग. हिरोला २४ रुंदीची ढाल आणि बाजूला पसरलेला झगा द्यायच्या आधी त्या ओळीत आणखी कोण येणार आहे ते मोजा. उंच टोपी द्या, लांब पाय द्या, कुणी अडवत नाही.

तीन रंगांत माणूस कसा काढायचा, हे प्रत्येकाला पहिल्यांदा अशक्य वाटतं. त्याच मारिओकडे बघा: लाल, कातडीचा नारिंगी आणि एक मळकट तपकिरी. केस, मिशी, डोळा, सदरा आणि बूट हे सगळं त्या एका तपकिरीत. टोपी आणि वरची पँट लालमध्ये. बाह्यरेषा नाहीच. मिशी आणि टोपी मुळात आली तीच सोय म्हणून. इतक्या कमी पिक्सेलमध्ये तोंड आणि केस काढण्यापेक्षा ते झाकणं सोपं. त्याचा भाऊ लुइजी, त्याच्यासाठी वेगळं चित्रही नाही, रंग बदलले की झाला लुइजी.

तुम्ही १६ बाय २४ चं पात्र काढताना तिन्ही रंगांना जोडकाम द्या. गडद रंग बाह्यरेषा, डोळे, केस, बूट सांभाळेल. मधला कपड्यांचा. उजळ रंग कातडीचा आणि कपड्यांवरच्या उजेडाचाही. त्यामुळे तो रंग धड कातडीचा नसतो आणि धड उजेडाचा नसतो, फिकट पीच किंवा वाळूसारखा निवडावा लागतो. चेहरा फारच सपाट वाटला तर 'मेगा मॅन'ची युक्ती आहे: अंग एका पॅलेटमध्ये, आणि चेहऱ्यावर वेगळ्या पॅलेटचा छोटा स्प्राइट ठेवायचा. चेहरा उठून दिसतो, पण त्या ओळींतल्या आठांपैकी एक जागा कायमची गेली. मुख्य पात्राला ही चैन ठीक आहे, साध्या शत्रूला नको. चालण्याच्या फ्रेम तीन-चार पुरतात. धड तसंच ठेवून फक्त पायांच्या टाइल्स बदला आणि एका फ्रेमला सगळं अंग एक पिक्सेल वर उचला. आठ फ्रेमची तलम चाल हा आजच्या कामाचा सगळ्यात मोठा पुरावा असतो.

इथे एक पोटभेद सांगायला हवा. 'एनईएस' म्हटल्यावर वर्षही ठरवा. नंतरच्या कार्ट्रिजमध्ये मॅपर नावाच्या जास्तीच्या चिप आल्या, ज्या टाइल्सचे तक्ते गेम चालू असताना बदलतात. एमएमसी३ या मॅपरवर एक किलोबाइटचा, म्हणजे ६४ टाइल्सचा तुकडा बदलता येतो. पार्श्वभूमीवरची नाणी फिरवायची, पाणी हलवायचं तर तेवढाच तुकडा आलटून पालटून लावतात. म्हणून १९८५ आणि १९९० चे गेम एकाच यंत्रावर असूनही इतके वेगळे दिसतात. पण १६ बाय १६ ची रंगांची चौकट बहुतेक सगळ्यांना शेवटपर्यंत छळत राहिली. पार्श्वभूमीचा थरही एकच. तुमच्या चित्रात डोंगर, त्यापुढे झाडं, त्यापुढे जमीन असे एकमेकांवरून सरकणारे तीन थर आहेत. एनईएसवर ते होत नाही. आडव्या पट्ट्या वेगवेगळ्या वेगाने सरकवता येतात, पण एक पट्टी दुसरीवर चढत नाही.

बाकीच्या यंत्रांबद्दल थोडं. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४, चार छटा. पण स्प्राइटला त्यातल्या तीनच, कारण चौथी जागा पारदर्शक; कुठल्या तीन ते आपण निवडायचं. मूळ पडदा संथ होता, हलणारी गोष्ट मागे धूसर शेपूट सोडायची. त्यामुळे सरकणाऱ्या पार्श्वभूमीवर बारीक ठिपक्यांचं जाळं घातलं की नुसता चिखल होतो. पार्श्वभूमी उजळ आणि मोकळी, पात्र गडद आणि ठसठशीत, एवढं पाळलं तर निम्मं काम झालं. रंग मात्र हिरवेच हवेत असा हट्ट नको. तो हिरवट रंग पडद्याचा होता, फाइलमध्ये फक्त शून्य ते तीन असे आकडे असतात.

मेगा ड्राइव्हला ५१२ रंगांतून निवड, १६-१६ च्या चार पॅलेट. प्रत्येक रंगघटकाला आठच पायऱ्या असल्यामुळे मऊ छटा जमत नाहीत, म्हणून तिथले कलाकार डिदरिंगवर, म्हणजे दोन रंगांचे पिक्सेल आलटून पालटून मांडून मधल्या छटेचा भास देण्यावर, जगले. १९९१ च्या 'सॉनिक'मधला धबधबा एक पिक्सेल आड एक अशा उभ्या रेघांचा आहे. कॉम्पोझिट केबलवर त्या रेघा एकमेकांत मिसळून पाणी पारदर्शक दिसतं. आजच्या मॉनिटरवर मात्र नुसत्या पट्ट्या. एसएनईएसला ३२,७६८ रंग आणि खरी पारदर्शकता मिळाली, त्यामुळे तिथे छायांकन गुळगुळीत आणि डिदरिंग कमी. यावरून उलटाही निष्कर्ष निघतो: डिदरिंग घातलं की 'रेट्रो' झालं हा समज चुकीचा आहे. एनईएसच्या छोट्या टाइलमध्ये ते बहुतेक वेळा घाण दिसतं. मेगा ड्राइव्ह आणि एसएनईएस या दोन्ही यंत्रांसाठी काढताना रंग चोवीस बिटांतून मनाला येईल तसा उचलू नका. यंत्राच्या पायऱ्यांवर बसवून घ्या, नाहीतर रूपांतर करताना दोन जवळचे रंग एक होऊन बसतात.

पडद्याचाही हिशेब हवा. एनईएसचे २५६ पिक्सेल जुन्या टीव्हीवर आडवे ताणले जायचे. अमेरिकी-जपानी एनटीएससी पद्धतीत पिक्सेल साधारण ८:७ इतका रुंद. एडिटरमधलं तुमचं गोल चाक तिथे किंचित चपटं दिसणार. काही कलाकारांनी हे जमेस धरलं, अनेकांनी सोडून दिलं, तुम्हीही सोडू शकता. पण चंद्र, चाक, घड्याळ असं काही गोलच दिसायला हवं असेल तर ते थोडं अरुंद काढा. वरच्या आणि खालच्या आठ-आठ ओळी टीव्हीच्या चौकटीआड जायच्या, तिथे स्कोअर लिहू नका. आणि चित्रातच काळ्या स्कॅनलाइन, म्हणजे जुन्या पडद्यावर दिसणाऱ्या आडव्या रेघा, काढणं बंद करा. त्या टीव्हीच्या आहेत. बघायच्या असतील तर एम्युलेटरचा, म्हणजे संगणकावर जुनं कन्सोल चालवणाऱ्या प्रोग्रामचा, फिल्टर लावा.

आणखी काही गोष्टी ताबडतोब उघड्या पाडतात: एकाच पडद्यावर वेगवेगळ्या आकाराचे पिक्सेल, तिरक्या कोनात फिरवलेला स्प्राइट, अर्ध्या पिक्सेलने सरकणारा कॅमेरा, मऊ पारदर्शक धूर. या सगळ्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. २०१४ च्या 'शॉव्हेल नाइट'ने एनईएसचे नियम जाणूनबुजून मोडले: रुंद पडदा, यादीबाहेरचे थोडे रंग, थरांची पार्श्वभूमी, स्प्राइट्सची लुकलुक नाही. देखणा गेम आहे. पण कुठला नियम मोडतोय हे त्यांना ठाऊक होतं. तुम्हाला तसं 'त्या धाटणीचं' काम करायचं असेल तर वरचं निम्मं विसरा. 'अस्सल' म्हणायचं असेल तर यंत्रावर चालायला हवं.

आणि चालवून बघणं आता अवघड राहिलेलं नाही. एसप्राइटमध्ये इंडेक्स्ड मोड (ज्यात फक्त पॅलेटमधलेच रंग लागतात) लावा, एक ग्रिड ८ चं आणि एक १६ चं ठेवा. पण शेवटची जुळणी नेक्स्ट या एनईएससाठीच्या साधनात करा. ते चौकटीबाहेर रंग लावूच देत नाही, त्यामुळे वाद मिटतो. गेम बॉयसाठी जीबी स्टुडिओ आणि मेगा ड्राइव्हसाठी एसजीडीके ही गेम बनवायची साधनं आहेत. मेसेन हा एम्युलेटर तर कलाकारांसाठी खजिना आहे: तुमच्या आवडीचा गेम चालवा, मध्येच थांबवा आणि टाइल व पॅलेट दाखवणाऱ्या खिडक्या उघडा. कुठला तुकडा कुठे कुठे वापरलाय हे शोधण्यात एक संध्याकाळ घालवलीत तर माझ्या या लांबलचक उत्तरापेक्षा जास्त शिकाल.

आत्ताचं चित्र फेकू नका. रंगांसाठी त्याची १६ बाय १६ च्या चौकटींत विभागणी करा, मग ८ बाय ८ च्या वेगळ्या टाइल्स मोजा. माझा अंदाज, चारशेच्या वर निघतील. २५६ मध्ये आणायला आधी ढग एकच करा, मग विटांच्या भेगा पुसा, मग डोंगराचे उतार पायऱ्यांवर आणा. झाडं शेवटी, कारण त्यांत रंगांची भानगड आहे. पुढच्या वेळी दाखवाल तेव्हा चित्राबरोबर तो १२८ बाय १२८ चा तक्ताही दाखवा. मी आधी तोच बघेन.